सातव्या खोलीचं वर्णन

“आणि छताला काय होतं?” कोनेरबुवांनी विचारलं.

“ढग,” शार्ङ्गधर म्हणाला.

“ढगाचं चित्र?”

“ढग. खरा. चार हात रुंद, पांढरा. चांदीच्या साखळीनं तुळईला बांधलेला. भर दुपारी गुलाबपाणी शिंपडतो.”

“रोज?”

“रोज. सरदार वामकुक्षीला आडवे झाले की. ते उशिरा आडवे झाले, तर ढग थांबतो.”

“वळण चांगलं आहे ढगाला,” बुवा म्हणाले आणि अंबाडीच्या दोरीला पुढचा पीळ दिला.

बुवांची झोपडी डोंगराच्या पायथ्याशी होती आणि सरदारांची हवेली माथ्यावर. मेघदरीच्या त्या सरदारांचं नाव मोठं होतं. पुरतं उच्चारायला दोन हुजरे लागत.

हवेलीचा खालचा मजला सगळ्या गावाला ठाऊक होता. कचेरी, तबेला, आणि गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांसाठी एक लांब ओटा. त्या ओट्यावर बसून बरीच माणसं म्हातारी झाली होती.

वरचा मजला मात्र कुणी पाहिलेला नव्हता. गावातल्या माणसानं जिन्यावर पाऊल टाकलं, की पायरी मागे सरकत असे. जिना तेवढा खानदानी होता.

दर तीन वर्षांनी गावातली एक मुलगी वर नेली जाई. तिला मानकरीण म्हणत. तिनं वर काय करायचं, हे रीतीत सांगितलेलं नव्हतं. तिच्या आईनं खाली काय करायचं, हे सांगितलेलं होतं.

आठव्या दिवशी हवेलीचा वर्णनकार (त्याला तेवढा जिना चढू देई) वरच्या सातही खोल्या पाही, खाली येई आणि आईला त्यांचं वर्णन ऐकवी. ऐकून झालं, की आईनं तीनदा ‘पावलं’, म्हणजे मिळालं, म्हणायचं. तिसऱ्या ‘पावलं’ला मुलगी हवेलीची होई, आणि आईच्या दारावर पितळी घंटा चढे. सूर्य मावळेपर्यंत तिसरं ‘पावलं’ आलं नाही, तर मुलीला घरी धाडावं लागे.

तसं एकदाही झालं नव्हतं. गावात अकरा घंटा होत्या. त्या कुणी वाजवत नसे.

अकराही वर्णनं कोनेरबुवांची. मागच्या वर्षी त्यांनी काम सोडलं आणि दोऱ्या वळायला घेतल्या. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यांची जागा त्यांच्या शिष्याला मिळाली.

शार्ङ्गधराची ही पहिलीच खेप. सकाळी वर जाऊन तो आता खाली उतरत होता आणि वाटेत गुरूंच्या ओसरीवर थांबला होता. उजळणी करावी म्हणून, असं तो म्हणाला. शाबासकी मागायला येणारा माणूस साधारण हेच म्हणतो.

“दुसरी खोली,” बुवा म्हणाले.

“पूर्वजांची. चौदा तसबिरी. हलक्या कुळातलं कुणी आत आलं, की तसबिरी तोंड फिरवतात.”

“तुला पाहून?”

“तेरांनी फिरवलं.”

“आणि चौदावे?”

“ते आंधळे होते.”

बुवा हसले नाहीत. हसायची जागा होती, हे त्यांना कळलं होतं. ती जागा त्यांनीच शार्ङ्गधराला दाखवलेली होती.

“तिसरी पगड्यांची,” शार्ङ्गधर पुढे म्हणाला. “प्रत्येक पगडी चंदनाच्या खुंटीवर. आपण काही बोललो की सगळ्या माना डोलावतात.”

“आत डोकं नसताना?”

“हुजऱ्या म्हणाला, डोक्याची आजवर गरज पडलेली नाही.”

“चौथी.”

“पोथ्यांची. दुपार झाली की पोथ्या आपणहून स्वतःला वाचायला लागतात. सरदारांची झोपमोड होते म्हणून त्यांना घट्ट फडक्यात बांधलंय. कान दिला तर पुटपुट ऐकू येते. फार गोड वाटतं ते, बुवा. मधमाश्यांसारखं.”

“तू कान दिलास?”

“थोडा.”

“काय म्हणत होत्या?”

“ते वर्णनात बसत नाही.”

बुवांनी मान हलवली. हेही त्यांनीच शिकवलं होतं.

पाचव्या खोलीत जमीन काचेची होती आणि खाली उजेड देणारे मासे फिरत होते. मासा मेला, तर जमिनीत तेवढाच अंधार पडे. शार्ङ्गधरानं त्याला ‘नक्षी’ म्हटलं होतं.

सहावी खोली सरदारांच्या रागाची. राग आला की सरदार तिथे जात, तो तिथेच ठेवत आणि हसतमुखानं बाहेर येत. भिंती तांबड्या मखमलीच्या, हातभर जाड.

“आवाज?” बुवांनी विचारलं.

“बिलकूल बाहेर येत नाही. एवढी सोय मी कुठे पाहिली नाही.”

“सहावीला लागून कोणती?”

“सातवी.”

“सांग.”

शार्ङ्गधर सरसावून बसला. सातवी खोली आवडीची. ठकूबाईच्या आवडीची. ठकूबाई गावात सुपं आणि टोपल्या विणत असे, आणि आवडी तिची एकुलती एक मुलगी. आईला जे ऐकायचं असतं ते सातव्या खोलीचं. आधीच्या सहा खोल्या तिला थकवण्यासाठी असतात.

“खिडकीत बारा महिने आंब्याचा मोहर,” त्यानं सुरुवात केली. “बाहेर पाऊस असो, पाचोळा असो... काचेतून पाहिलं की मोहर.”

“वास?”

“काचेला वास कुठून येणार, बुवा? मी वासाचं काही म्हटलेलंच नाही.”

“नाही म्हटलंस. बरं केलंस. पुढे?”

“हंसाच्या पिसांची गादी. झोपणाऱ्याच्या वजनाएवढीच दबते, तसूभरही जास्त नाही. कोनाड्यात हस्तिदंती फण्या. अकरा. हवी ती निवडावी.”

बुवांचा पीळ देणारा हात थांबला.

“नव्या?”

“काय?”

“फण्या नव्या होत्या?”

“...वापरलेल्या वाटल्या. मी ‘निवडायला अकरा’ एवढंच म्हणतो.”

दोरीचा सुटलेला पीळ बुवांनी पुन्हा दिला.

“मुलगी कशी आहे?”

“मुलीचं वर्णन रीतीत नाही, बुवा. खोलीचं करायचं.”

“मी रीत विचारली नाही. पाहिलीस का?”

“कोपऱ्यात बसली होती.”

“कुणीकडे पाहत?”

“दाराकडे.” शार्ङ्गधर घाईनं पुढे सरकला, कारण शेवटचं वाक्य त्याच्या जिभेवर केव्हाचं तयार होतं. “आणि आता दार. ऐका. ‘शिसवी दार, आतून इतकं तुळतुळीत, की त्यात आपलाच चेहरा दिसावा.’”

तो थांबला आणि शाबासकीची वाट पाहू लागला.

“हे वाक्य माझं आहे,” बुवा म्हणाले.

“तुमचंच. ‘शिसवी’ मी घातलं.”

“आतून तुळतुळीत.”

“आरशासारखं.”

“हात कुठे ठेवायचा?”

“म्हणजे?”

“आतल्या माणसाला दार उघडायचं झालं, तर हात कुठे ठेवायचा?”

...

अंगणात अंबाडीच्या चिपाडांवर चिमण्या भांडत होत्या.

“कडी आहे,” शार्ङ्गधर म्हणाला. “सोन्याची. कमळाच्या पाकळीसारखी.”

“कोणत्या बाजूला?”

“...बाहेरच्या.”

“सदऱ्यावर हे मिठाचे डाग कसले?” बुवांनी विचारलं. “डोंगर उतरताना एवढा घाम येत नाही.”

शार्ङ्गधरानं नव्या सदऱ्याकडे पाहिलं. छातीवर, काखेत, पांढऱ्या रेघा वाळल्या होत्या.

“हुजऱ्या जेवायला गेला होता,” तो म्हणाला.

“म्हणजे तू आत अडकलास.”

“अडकलो नाही. थांबलो.”

“किती वेळ?”

“तो जेवेपर्यंत.”

“दार वाजवलंस?”

“वाजवलं.”

“आणि आवडी काय म्हणाली?”

शार्ङ्गधर जमिनीकडे पाहत राहिला.

“म्हणाली, वाजवू नका. हात दुखतो नुसता.”

बुवा म्हणाले, “हे कुठे आहे वर्णनात?”

“हे कसं असेल? हे खोलीत नाही, माझ्यात आहे.” त्याचा आवाज आता चढला. “बुवा, मी एक अक्षर खोटं घातलेलं नाही. बघा.”

त्यानं जीभ बाहेर काढली.

वर्णनकारांची ही एक अडचण होती. पदावर बसताना जी शपथ घेतात, ती घेतल्यावर खोटं बोललं, तर जीभ कोळशासारखी काळी पडे आणि जन्मभर तशीच राही. म्हणून वर्णनकाराच्या शब्दावर गावाचा विश्वास होता. गावात आई रुसली, बाप हटून बसला, तरी शेवटी कुणीतरी म्हणे : अगं, जीभ तर बघ त्यांची.

शार्ङ्गधराची जीभ लाल होती.

कोनेरबुवांनी दोरी बाजूला ठेवली आणि आपली जीभ बाहेर काढली. गुलाबी, नितळ, लहान मुलाच्या जिभेसारखी. ती त्यांनी जरा जास्तच वेळ बाहेर ठेवली.

“तेहेतीस वर्षांची आहे ही,” जीभ आत घेऊन ते म्हणाले. “एक डाग दाखव.”

“नाहीच! तेच तर म्हणतोय मी.”

“मीही तेच म्हणतोय.”

तेवढ्यात वाटेवरून हाक आली.

“आहेत का घरात वर्णनकार महाराज? का अजून हवेलीचा पायपोस शोधताहेत?”

ठकूबाई आली होती. उन्हानं लाल झालेली, काखेत रिकामी टोपली. बांबूच्या कामानं दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

“सकाळपासून अंगण सारवून बसलेय मी,” ती म्हणाली. “दोनदा वाळलं, दोनदा सारवलं. म्हटलं, एवढा मोठा माणूस येणार. आणि मोठा माणूस इथे बुवांच्या सावलीत गप्पा मारतोय.”

“मी निघतच होतो, ठकूबाई.”

“निघालात तसे पोचा तरी. नाहीतर असं करा, इथेच सांगा. चालतं ना बुवा? तुमच्या वेळी तुम्ही घरोघर येत होता, पण छप्पर कुणाचं असावं, हे काही रीतीत नाही.”

“नाही,” बुवा म्हणाले.

“मग झालं तर. माझ्या अंगणाला कळवते मी नंतर.”

ती ओसरीच्या कडेला बसली आणि पदर सारखा केला. तिची बोटं टोपलीच्या काठावरून फिरत राहिली.

शार्ङ्गधरानं गुरूंकडे पाहिलं. बुवांनी दोरी पुन्हा हातात घेतली होती.

हे काम फसलं, तर हवेली दुसरा वर्णनकार पाहणार, हे त्याला ठाऊक होतं. वर्णनकाराशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. आणि बऱ्याच हुशार माणसांप्रमाणे, ते आपल्याला फार चांगलं येतं, अशी त्याची समजूत होती.

त्यानं सुरुवात केली.

त्यानं चांगलं सांगितलं. ढगाशी ठकूबाई म्हणाली, “अगं बाई! आणि वाळत नाही तो?” तसबिरींशी ती खळखळून हसली. “आमच्या जातीला बघून तर मेल्या भिंतीतच शिरतील.” पगड्यांशी म्हणाली, “हे काही नवं नाही, कचेरीत पाहिलंय मी.” माशांच्या जमिनीशी तिनं पाय आपसूक वर घेतले. रागाच्या खोलीशी ती काहीच बोलली नाही.

“एवढं मला कशाला?” ती शेवटी म्हणाली. “माझी कुठे आहे, ते सांगा.”

“सातवीत.”

“हं.”

त्यानं मोहर सांगितला. गादी सांगितली. वजनाएवढीच दबते म्हटल्यावर ठकूबाईनं डोळ्यांना पदर लावला.

“हलकी आहे हो ती,” ती म्हणाली. “कमरेवर घेतलं तर टोपलीएवढीसुद्धा वाटायची नाही. आणि तिथं दळायला लागतं का तिला?”

“जातं मला दिसलं नाही.”

“बांबू सोलायला?”

“नाही.”

“मग दिवसभर करते काय?”

शार्ङ्गधर अडखळला. पण फार नाही.

“फण्या आहेत,” तो म्हणाला. “हस्तिदंती. निवडायला अकरा.”

“अकरा! आमच्याकडे एक, तीही दात पडलेली. त्यावरून दोघींची भांडणं.” ती हसली आणि हसता हसता तिनं विचारलं, “आणि दारं, भिंती? धड आहेत ना? कुणीही उठून आत यायचं नाही ना?”

...

शार्ङ्गधरानं पुन्हा एकदा गुरूंकडे पाहिलं. बुवा दोरीकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. शिष्याला वाचता यावं असं तर मुळीच नव्हतं.

“दार शिसवी,” तो म्हणाला. “आतून इतकं तुळतुळीत, की त्यात आपलाच चेहरा दिसावा.”

ठकूबाईनं ते ऐकलं. मनात दोनदा म्हणून पाहिलं असावं, कारण तिचे ओठ हलले.

“चेहरा दिसतो?”

“स्वच्छ.”

“म्हणजे...” ती म्हणाली, “एकटं नाही वाटणार तिला.”

‘हो’ म्हटलं असतं, तर शार्ङ्गधराची जीभ काळी पडली असती. पण त्याला बोलावं लागलं नाही. कारण ठकूबाईनं हात जोडले होते.

“पावलं,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं : “पावलं.”

मग तिला ठसका लागला. तिनं छातीवर हात धरला आणि डोळे पुसले.

“घसा कोरडा पडला हो. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही पोटात. बुवा, पाणी आहे का?”

“आत माठ आहे,” कोनेरबुवा म्हणाले. “कोपऱ्यात. घे.”

ठकूबाई उठली, उंबरा ओलांडून झोपडीत गेली. तांब्याचा आवाज झाला.

कोनेरबुवा उठले. चार पावलं चालले. झोपडीचं दार त्यांनी ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

मग येऊन पुन्हा आपल्या जागी बसले.

“बुवा?” शार्ङ्गधर म्हणाला.

बुवांनी बोट ओठांवर ठेवलं.

आत पाणी प्यायल्याचा आवाज. तांब्या माठावर ठेवल्याचा. चालल्याचा. दाराला हात लागल्याचा.

“बुवा, वाऱ्यानं दार लागलं वाटतं.”

बुवा दाराकडे पाहत होते.

“अहो बुवा, कडी पडली बाहेरनं. काढता का जरा?”

...

“ऐकू येतंय ना? शार्ङ्गधर महाराज, तुम्ही तरी. चेष्टा पुरे झाली. अंधार आहे इथे.”

शार्ङ्गधर उठला. बुवांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या मुठीत दोरी वळणाऱ्याचा जोर होता.

“बस,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “वर्णन चालू आहे.”

आत ठकूबाईनं दार वाजवलं. आधी बोटांनी. मग तळहातानं. मग दोन्ही हातांनी.

“अहो, दाराला आतून धरायला काही नाही हो! नुसती फळी आहे! बुवा! काय केलंय मी तुमचं? उघडा!”

झोपडीचं छप्पर हललं. वाळकं गवत खाली पडलं. चिपाडांवरच्या चिमण्या उडाल्या.

“उघडा! मला तिसऱ्यांदा म्हणायचंय अजून! उन्हं उतरली की...”

आणि तिथेच आवाज थांबला.

वाक्य पुरं झालं नाही. हात वाजले नाहीत. रडणंही नाही. आत माणूस आहे की नाही, असं वाटावं इतकी शांतता.

शार्ङ्गधरानं कपाळावरचा घाम पुसला.

कोनेरबुवा थांबले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. हुजऱ्याच्या जेवणाएवढा तरी असेल.

मग त्यांनी उठून कडी काढली.

ठकूबाई दारातच उभी होती. बोटांवरच्या चिंध्या सुटल्या होत्या. तिनं बुवांकडे पाहिलं नाही. ती सरळ शार्ङ्गधरासमोर गेली.

“असं आहे?”

“ठकूबाई, वरचं दार शिसवी...”

“लाकूड नाही विचारलं मी. कडी कुठे आहे?”

शार्ङ्गधरानं तोंड उघडलं. ‘आत’ हा फार लहान शब्द होता. तो त्याच्या ओठांपर्यंत आला, आणि जिभेची आठवण होऊन थांबला.

“बाहेर,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही पाहिलंत ते?”

“पाहिलं.”

“नुसतं पाहिलंत?”

“...वाजवलंही.”

ठकूबाईनं मान हलवली, जणू बाजारात कुणी टोपलीचा भाव सांगितला होता आणि तो तिला पटला होता. मग ती बुवांकडे वळली.

“माझ्या थोरल्या जावेला तुम्हीच सांगितलं होतंत ना? तिची सगुणा गेली तेव्हा?”

“मीच.”

“हेच? चेहरा दिसतो म्हणून?”

“हेच.”

“ती अजून सांगते लोकांना,” ठकूबाई म्हणाली. “दळताना सांगते, पाण्याला जाताना सांगते. माझ्या सगुणाच्या खोलीत चेहरा दिसतो. आंधळी झालीय आता, तरी सांगते.”

बुवांची नजर तिच्या उघड्या पडलेल्या बोटांवर होती.

“तिला काय सांगू घरी जाऊन?”

बुवांनी मान खाली घातली.

“राहू द्या. तुम्ही सांगाल तर ते खरंच असेल.” तिनं टोपली काखेत मारली. “दोनदा म्हणाले मी. तिसरं माझ्याकडे आहे. जिना मागे सरकतो ना? सरकू दे. मी जिन्याखाली बसते. सूर्य काही त्यांच्या नोकरीत नाही.”

ती गावाच्या वाटेला लागली नाही. डोंगर चढू लागली. उन्हं अजून झोपडीच्या छपरावर होती. तिच्या पायात काही नव्हतं आणि ती एकदाही थांबली नाही.

दोघं तिच्याकडे पाहत राहिले. वळणाआड ती दिसेनाशी झाल्यावर शार्ङ्गधर मटकन खाली बसला.

“संपलं,” तो म्हणाला. “पहिलीच खेप. उद्या हवेलीतून बोलावणं येईल, आणि परवा गावभर होईल, की शार्ङ्गधराला शेवटचं एक ‘पावलं’ मिळवता आलं नाही. एक!”

बुवांनी दोरीचं टोक शोधलं.

“आणि त्यांना काय, ते दुसऱ्या कुणाची तरी नेतील. दुसरा कुणी वर्णनकार आणतील. यानं काय थांबणार आहे?”

“काही नाही,” बुवा म्हणाले.

“मग?”

बुवा पीळ देत होते.

“मी तुमच्याकडून शिकलो,” शार्ङ्गधर म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. त्यात पश्चात्ताप किती आणि गेलेल्या नोकरीचं दुःख किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. “डावीकडून उजवीकडे पाहायला. वरून खाली यायला. कुठे थांबायचं, कुठे हसवायचं. दाराचं वाक्यसुद्धा तुमचं. तुमच्या अकराजणी वर गेल्या, तेव्हा हे दार असंच होतं ना?”

“असंच.”

“तुम्हालाही आत थांबावं लागलं असेल.”

“दर वेळी.”

“आणि तुम्ही तेहेतीस वर्षं गप्प राहिलात! एक शब्द नाही! आणि तोंड उघडलंत ते नेमकं माझ्या दिवशी?”

कोनेरबुवांनी मान वर केली.

“गप्प कुठे होतो?” ते म्हणाले. “वर्णन करत होतो.”